ड्रममधली भरती

अकोल्यापासून समुद्र किती लांब आहे, असं कोणी विचारलं असतं तर खुशालराव गावंडे यांनी भिंतीवरचा नकाशा खाली उतरवून पट्टीनं मोजून दाखवलं असतं. शाळेत विज्ञान शिकवण्यात त्यांचा जन्म गेला होता, आणि निवृत्तीनंतरही लेआउटमधली, म्हणजे त्यांच्या वस्तीतली, पोरं रोज संध्याकाळी त्यांच्या ओसरीवर सतरंजी टाकून बसत होती. पण त्या आठवड्यात कोणी काही विचारत नव्हतं. जो तो सांगत होता. ज्यांनी उभ्या जन्मात धरणापलीकडे पाणी पाहिलं नाही, तेही भरती-ओहोटीवर अधिकारानं बोलत होते.

कारण एवढंच, की खुशालरावांच्या डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढायची तारीख अमरावतीच्या धर्मादाय दवाखान्यातून मिळाली, आणि ती निघाली कोजागिरीची.

"पुनवेले?" त्यांच्या पत्नी दुर्गाबाई म्हणाल्या आणि निवडत असलेली मेथी त्यांनी बाजूला सारली. "पुनवेले कोणी अंगाले सुरी लावते का? रक्त वर चढते त्या दिवशी."

"कुठवर चढते?" खुशालरावांनी शांतपणे विचारलं. चुकीचं उत्तर देणाऱ्या पोराला ते असाच उपप्रश्न टाकत.

"डोक्यापर्यंत. तुमचं तर रोजच असते तिथं."

ही तारीख सुटली तर पुढची थेट होळीनंतरची, असं दवाखान्यानं बजावलं होतं. आणि होळीपर्यंत थांबणं खुशालरावांना परवडणारं नव्हतं. त्यांचा उजवा डोळा लहानपणापासून नावापुरताच. सगळी मदार डाव्यावर, आणि तो आता दुधाळ काचेसारखा झाला होता. पोरांच्या वहीतला सात त्यांना एकासारखा दिसायचा आणि एक तर दिसायचाच नाही. परवा त्यांनी एका पोराचं अख्खं बरोबर गणित चूक दिलं होतं, आणि तो बिचारा "हो सर" म्हणून ते खोडूही लागला होता. ही गोष्ट त्यांच्या मनाला फार लागली. मास्तरानं चूक सांगावी आणि पोरानं विश्वासानं बरोबर खोडावं, याहून वाईट काय असतं?

पण दुर्गाबाईंशिवाय जाता येत नव्हतं. पेशंटसोबत घरचं माणूस असल्याशिवाय दवाखाना आत घेत नाही. आणि घरात माणसं दोनच.

बातमी बाहेर गेली तशी सल्ले आत आले. पहिला आला ओमप्रकाश, शेजारचा. त्याचं गांधी रोडवर पंखे-कूलरचं दुकान, आणि बोलण्यात हिंदी-मराठीची भेळ. त्याला सगळं ज्ञान मोबाइलवर घरपोच मिळत असे.

"सर, आदमीच्या बॉडीत सत्तर टक्का पानी आहे. समुंदर एवढा मोठा, त्याले चांद खेचते. मग आपुन काय चीज आहे?"

"ओमप्रकाशजी, समुद्राचं एक टोक चंद्राच्या जवळ असते आणि एक लांब. जवळच्या पाण्याले ओढ जास्त, लांबच्या पाण्याले कमी, म्हणून फुगवटा येते. माझं एक टोक चंद्राच्या असं किती जवळ असणार? आणि भरती तर अमावास्येलेही तेवढीच येते."

"मग अमावस को भी मत करो," ओमप्रकाश म्हणाला.

दुसरे समोरच्या घरातले जानराव, निवृत्त हवालदार. ते दिवसभर आपल्या ओट्यावर खुर्ची टाकून बसत आणि गल्लीत शिरणाऱ्या प्रत्येकाकडे तो फरार असल्यासारखं पाहत. "सर, तुमची पुस्तकं राहू द्या. पुनवेच्या रात्री ठाण्यात बसायले जागा राहत नव्हती. दारू तीच, माणसं तीच, पण पुनव म्हटली का एकमेकाचे कान चावत."

"आणि बाकीच्या रात्री?"

जानरावांनी थोडा विचार केला. "बाकीच्या रात्री मी कॅलेंडर पाहत नव्हतो," ते म्हणाले. आपण काय बोलून गेलो हे त्यांच्या लक्षात आलं नाही, आणि खुशालरावांनी शिष्टाचार म्हणून ते लक्षात आणून दिलं नाही.

मात्र त्या संध्याकाळी ओसरीवर जानरावांची नात वर्षाली हिनं पोरांदेखत विचारलं, "सर, आबा म्हणते पुनवेले अंगातलं पाणी वाढते. खरं का?" तेव्हा खुशालरावांनी आयुष्यभर जे केलं तेच केलं. ते म्हणाले, "मोजून पाहू."

इथं लेआउटच्या पाण्याबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. वस्ती अकोल्याच्या हद्दीला खेटून, पण बाहेर. तिथं एका पाणी योजनेचं पाणी चार-पाच दिवसांआड यायचं, तेही आलं तर. पावसाळा असो की उन्हाळा, त्यात फरक नाही. त्यामुळे प्रत्येकाच्या अंगणात ड्रम, प्रत्येकाच्या ड्रमवर झाकण आणि प्रत्येकाच्या मनात शेजाऱ्याविषयी शंका. नळाचा दिवस असला की माणसं लग्नाची आमंत्रणं नाकारत.

प्रयोग असा ठरला. भाद्रपदाच्या पुनवेला, म्हणजे कोजागिरीच्या बरोबर एक महिना आधी, अंगणातला निळा ड्रम गळ्याच्या खालपर्यंत भरायचा. पाण्याच्या रेषेवर आतून खूण करायची. झाकण लावायचं. संध्याकाळी चंद्र वर आला की सगळ्यांदेखत उघडायचं. पाणी खुणेवरच असलं, तर दुर्गाबाईंनी कोजागिरीला मुकाट्यानं अमरावतीला यायचं. खुणेपासून हललं, तर खुशालरावांनी तारीख सोडायची.

"आणि कोणी हात लावला तर?" ओमप्रकाशनं विचारलं.

"मी बसलो हावो ना समोर," जानराव म्हणाले. "नोकरीत तिजोरी राखली, हा तर ड्रम."

पुनवेचा दिवस तसा गडबडीचा. गल्लीत त्याच दिवशी भुलाबाई बसतात. घरोघरी पोरींची गाणी, आणि गाण्यानंतर झाकलेल्या डब्यातली खिरापत ओळखायची धांदल. दिवेलागणीनंतर चंद्र कडुनिंबाच्या शेंड्याला आला, तशी माणसं अंगणात जमली. पोरं पुढं बसली. खुशालरावांनी आधी जानरावांना रीतसर विचारलं, "दिवसभरात ड्रमजवळ कोणी आलं?"

"कोणी नाही. माशीही फिरकली नाही."

खुशालरावांनी झाकण काढलं, टॉर्च मारला आणि वाकून पाहिलं. मग चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. मग वर्षालीला म्हणाले, "बेटा, तू पाह्य."

वर्षालीनं पाहिलं. "सर, वाढलं."

पाणी खुणेच्या दोन बोटं वर होतं.

कमी झालं असतं तर काहीच बिघडलं नसतं. पाणी चोरीला गेलं म्हणून गल्लीनं उसासा टाकला असता आणि प्रयोग पुन्हा केला असता. पण वाढलं. आणि त्या लेआउटमध्ये एक वेळ माणूस किडनी देईल, पण दुसऱ्याच्या ड्रममध्ये आपलं पाणी टाकणार नाही, हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. पाऊस नव्हता, नळ आला नव्हता, झाकण होतं, पहारा होता. म्हणजे उरला चंद्र.

"दो उंगली," ओमप्रकाश हळूच म्हणाला आणि त्यानं ड्रमचा फोटो काढला.

दुर्गाबाई काहीच बोलल्या नाहीत. ही गोष्ट खुशालरावांना पाणी वाढण्यापेक्षाही जास्त संशयास्पद वाटली. जिंकल्यावर गप्प बसायचा त्यांचा स्वभाव नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तपास सुरू केला. प्रथम ड्रममधून पाणी काढून पाहिलं. एक कळशी काढली आणि पाणी बरोबर खुणेवर आलं. चंद्र पाणी ओढत असेल, पण कळशीच्या मापानं ओढत नसणार, एवढं भौतिकशास्त्र त्यांना येत होतं. म्हणजे कोणीतरी टाकलं. मग त्यांचा संशय एकेकावर बसत गेला. ओमप्रकाश जवळजवळ नक्कीच, कारण त्याला कधी नव्हे ते कोणाला तरी हरवायचं होतं. पण ओमप्रकाश पैजेसाठी कळशीभर पाणी खर्च करेल? नळाच्या दिवशी तो नळाच्या तोटीखाली स्टीलचा पेला धरून शेवटचे थेंब मोजतो. मग त्यांनी दुर्गाबाईंना स्वयंपाकघरात गाठलं.

"खरं सांग. तू ड्रममध्ये पाणी टाकलं का?"

"म्या नाही टाकलं."

"शपथ?"

"देवाची शपथ, म्या एक थेंब टाकला नाही. आता बाजूले व्हा, फोडणी जळून राहिली."

दुर्गाबाई देवाची शपथ खोटी घेत नाहीत. तरी त्यांनी हे सांगताना कढईकडे पाहिलं, ही नोंद खुशालरावांनी मनात ठेवली.

इकडे ओमप्रकाशच्या फोटोनं आपलं काम केलं. आठवड्यात दुसऱ्या लेआउटमधली माणसं यायला लागली. एका बाईनं ड्रमला हळदकुंकू लावलं. एका गृहस्थानं गुडघ्यांसाठी बाटलीभर पाणी मागितलं आणि पुनवेचं संपलं असेल तर चतुर्दशीचंही चालेल, असं सांगितलं. ओमप्रकाश सासूसाठी दोन बाटल्या घेऊन गेला. ज्या माणसानं जन्मभर पोरांना "डोळ्यांनी पाहा, हातानं मोजा, मग माना" असं शिकवलं, त्याच्या अंगणात जागृत ड्रम उभा राहिला होता. आणि ओसरीवर पोरं त्याचीच वाक्यं त्याला ऐकवत होती.

"सर, आपण मोजलं ना?" वर्षाली म्हणाली. "मग मानायचं नाही का?"

"मानायचं, पण आधी मोजणारा चुकला का ते पाहायचं."

"मोजणारी तर मी होती," वर्षाली म्हणाली, आणि तिचा चेहरा पडला. खुशालराव वरमले. एका पोराचं बरोबर गणित त्यांनी आधीच चूक दिलं होतं. हे दुसरं झालं.

म्हणून ते पाणी योजनेच्या ऑफिसात गेले. पुनवेच्या दिवशी चुकून नळ सुटला होता का, एवढंच त्यांना विचारायचं होतं. खिडकीतल्या बाबूनं त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं.

"तक्रार काय हाये? पाणी येत नाही?"

"नाही, पाणी वाढलं."

"कमी दाबानं वाढलं?"

"दाबाचा प्रश्न नाही. नळ नसताना दोन बोटं वाढलं. ते तुमचं आहे का, एवढं सांगा."

बाबूनं शेजारच्या बाबूला बोलावलं. दोघांनी मिळून अर्जाचा नमुना उलटा-पालटा पाहिला. त्यात गढूळ पाणी होतं, दुर्गंधी होती, अपुरं पाणी होतं, पाणी जास्त झाल्याची सोय नव्हती. "साहेब, पस्तीस गावं आमच्या नावानं बोंबलून राहिली पाण्यासाठी," पहिला बाबू म्हणाला, "आणि तुमी म्हणता वाढलं. नळ नसताना पाणी येते म्हणजे काय, सांगू? चोरीचं कनेक्शन."

"मी स्वतःहून सांगायला आलो आहे."

"तेच तर. लय हुशार चोर असंच करते."

तीस वर्षं शाळेत हुशार म्हणून मान मिळवलेल्या माणसाला या वयात हुशार चोर ही पदवी मिळाली. ती घेऊन खुशालराव घरी आले, आणि त्यांच्या मागोमाग दोनच दिवसांनी योजनेचा माणूस फटफटीवर आला. तो कोपऱ्यावर दिसला मात्र, अख्ख्या गल्लीत पळापळ झाली. नळाला मोटर लावून पाणी ओढणं हा गुन्हा, आणि तो गुन्हा घरटी एक होता. कोणी मोटर पलंगाखाली ढकलली, कोणी गव्हाच्या कोठीत पुरली. ओमप्रकाशनं आपली भुलाबाईच्या मखरामागं ठेवली आणि वर ओढणी घातली. तरी दोन सापडल्याच. जाताना तो माणूस खुशालरावांना सांगून गेला, "तुमच्या दारासमोर खोदून पाहा लागते. उद्या मजूर आणतो. काही सापडलं तर नळ बंद."

त्या संध्याकाळी ओसरीवर सतरंजी पसरली, पण पोरं आली नाहीत. गल्लीतल्या आया आपापल्या दारात उभ्या होत्या आणि खुशालरावांच्या घराकडे पाहत नव्हत्या. म्हणजे कशाकडे पाहायचं नाही हे त्यांना नीट ठाऊक होतं. एकटी वर्षाली समोरच्या ओट्यावर दप्तर मांडीवर घेऊन बसली होती, जानरावांनी तिचा हात धरलेला. खुशालराव सतरंजीवर एकटेच बसून राहिले. त्यांच्या मनात आलं, आता डोळा होळीनंतर झाला काय आणि नाही झाला काय, तपासायला वह्या कोणाच्या?

दुसऱ्या दिवशी सकाळी मजूर आले. पहिली कुदळ पडली तशी समोरच्या घरातून जानरावांची बायको केशरबाई पदर सावरत बाहेर आल्या आणि थेट खड्ड्याच्या जागेवर येऊन उभ्या राहिल्या.

"थांबा. खोदू नका. त्या ड्रममध्ये पाणी म्या टाकलं."

गल्ली गोळा झाली. जानराव खुर्चीतून उठले. "अवं, काय बोलून राहिली?"

"खरं तेच बोलून राहिली. पुनवेच्या दिवशी घरी भुलाबाई, पोरी येणार, आणि आपलं टाकं कोरडं. म्हणून सकाळी सरांच्या ड्रममधून एक बकेट उसनी नेली. दुपारी टँकर आला, सांजच्याले परत करून टाकली."

"मग वाढलं कसं?" खुशालरावांनी विचारलं. त्यांचा आवाज जरा चिरकला.

केशरबाईंनी त्यांच्याकडे नवलानं पाहिलं. "भाऊ, उसनी वाटी साखर आणली तर आपण शीग लावून परत करतो का नाही? सपाट कोणी देते का? एक बकेट नेली होती, तिच्यावर कळशी लावून परत केली. पाणी असलं म्हणून काय रीत सोडा लागते?"

गल्लीतल्या बायकांनी माना डोलावल्या. हे सगळ्यांना एकदम पटलं. चंद्रापेक्षाही लवकर पटलं. एवढा सोपा नियम पुस्तकात नाही, म्हणून आपल्याला सुचला नाही, असं खुशालरावांना वाटलं.

ते जानरावांकडे वळले. "तुमी तर म्हणाले, कोणी आलं नाही."

"कोणी नव्हतंच आलं," जानराव म्हणाले. "ही आली होती दोनदा."

"मग?"

"मग काय? बायको आली म्हणजे कोणी आलं असं थोडंच होते."

जानराव हे अगदी प्रामाणिकपणे बोलले, आणि म्हणूनच गल्लीतल्या सगळ्या बायकांनी एकदम केशरबाईंकडे पाहिलं. केशरबाईंनी पदर पुन्हा सावरला. "म्हणून तर इतके दिवस बोलली नाही. यायनं चारचौघांत सांगून टाकलं कोणी आलं नाही. मग मी कोण्या तोंडानं सांगू, का मी आली होती?" आणि घरात परतताना त्या म्हणाल्या, "चोरून नाही नेली हो. दुर्गावैनीले विचारून नेली."

सगळ्यांनी दुर्गाबाईंकडे पाहिलं. त्या घरात गेल्या होत्या.

खुशालराव मागोमाग गेले. पैज ते जिंकले होते, पण विजयी मुद्रा कुठं ठेवावी हे त्यांना समजत नव्हतं. "म्हणजे तुला पुनवेच्या सकाळपासून माहीत होतं."

"होतं."

"मी शपथ घ्यायला लावली."

"टाकलं का, असं विचारलं तुमी. नेलं का कोणी, असं विचारलं असतं तर सांगितलं असतं."

प्रश्न नीट विचारला नाही तर उत्तर नीट येत नाही, हे ते पोरांना वर्षानुवर्षं सांगत आले होते. ते पाटावर बसले. "आता पुनवेचा प्रश्न मिटला. काय म्हणते?"

"पुनव नसती तर मी अमावास्या सांगितली असती," दुर्गाबाई म्हणाल्या. "ते नसती तर शनिवार." त्यांनी ओट्यावरची पुसलेलीच जागा पुन्हा पुसली. "दुसरा डोळा तुमचा पहिलेच असा. आणि हा एक हाये त्यात ते सुरी घालणार. काही उलटं झालं, तर तुमी दिवसभर घरात बसून भिंतीकडे तोंड करून मलेच शिकवसान. अन् मले ते कसं पाहवल?"

खुशालरावांनी भरतीपासून पहाऱ्यापर्यंत सगळं तपासलं होतं. हे एक विचारायचं राहिलं होतं. जानरावांना हसायचा हक्क आपल्याला नाही, असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी पाट जरा ओट्याजवळ सरकवला. मग म्हणाले, "मले पण भेव वाटते."

दुर्गाबाईंनी फडकं खाली ठेवलं. "हे पहिले काहून नाही सांगितलं? मी आलीच असती."

कोजागिरीच्या दिवशी सकाळच्या एसटीनं दोघं अमरावतीला पोचले. निघताना पोरं फाट्यापर्यंत आली होती, आणि वर्षालीनं आपण बरोबर मोजलं होतं हे सरांकडून सगळ्यांदेखत वदवून घेतलं होतं.

दवाखान्यात शिरताच खुशालरावांना पहिली शंका आली. बाकं रिकामी होती. सिस्टर दारात उभी राहून यादीतली नावं पुकारत होती, आणि एकेक नाव भिंतीवर आपटून परत येत होतं. शेवटी "खुशालराव गावंडे" आलं तेव्हा त्यांनी शाळेतल्या पोरासारखा हात वर केला.

"आले तुमी?" सिस्टरनं निरखून पाहिलं. "पक्कं ना? ऑपरेशनलेच आले?"

"बाकीचे कुठं आहेत?"

"नाही आले. पुनव हाये ना आज. दर पुनवेले असंच असते, डॉक्टर साहेब एकटे बसून पेपर वाचतात."

दुर्गाबाई नवऱ्याकडे पाहत राहिल्या. खुशालराव रिकाम्या बाकांकडे पाहत राहिले. एवढी माणसं, दुखऱ्या डोळ्यांनिशी, दूरदूरच्या गावांत आज घरी थांबली होती, आणि त्यांना थांबवणारा अजून उगवलाही नव्हता. ड्रममधलं पाणी त्यानं केसभर हलवलं नव्हतं, पण अख्खा दवाखाना ओहोटी लागल्यासारखा रिकामा केला होता.

"चंद्राचा माणसावर परिणाम होतो," खुशालराव सावकाश म्हणाले. "मानलं. तुझं बरोबर होतं."

दुर्गाबाईंच्या कपाळावर आठी पडली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हे वाक्य त्यांनी या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी खुशालरावांच्या कपाळाला हात लावून पाहिला, आणि सिस्टरला बाजूला घेऊन म्हणाल्या, "बाई, आत नेण्याच्या पहिले यांचं बीपी एकदा पाहून घ्या."

बीपी ठीक निघालं. हिरवा डगला आणि टोपी घातलेले खुशालराव आत जाताना दारात थबकले, वळून त्यांनी दुर्गाबाई नेमक्या कुठं बसणार आहेत ते पाहून ठेवलं, आणि मग गेले. दार बंद झालं.

दुर्गाबाई बाकावर बसल्या. पुन्हा उठल्या. समोर एक मोठी उघडी खिडकी होती आणि बाहेर दुपारचं कडक ऊन.

"सिस्टर, ही खिडकी उगवतीले हाये का?"

"हो. काहून?"

"काही नाही," दुर्गाबाई म्हणाल्या, आणि त्यांनी पडदा ओढून घेतला.